टीसीएसचे निकाल आणि शेअर: सारखे विचारले जाणारे प्रश्न

दर तीन महिन्यांनी टीसीएसचा निकाल लागतो आणि प्रत्येक ग्रुपवर तोच वाद पेटतो, एकजण म्हणतो टाटांची कंपनी आहे डोळे झाकून घ्या, दुसरा म्हणतो आयटी संपलं आता. मधले लोक गप्प बसून वाचतात आणि मग एकेकटे मेसेज करून विचारतात की खरं काय. ते प्रश्न इथे एकत्र केलेत. सगळे आकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये लागलेल्या निकालापर्यंतचे आहेत. घ्या किंवा विका असं कुठेही सांगितलेलं नाही, वाद नेमका कशावरून आहे ते मात्र सांगायचंय, कारण बऱ्याच वेळा दोन माणसं दोन वेगळ्याच गोष्टींवर भांडत असतात.

शेअर एवढा पडला म्हणजे कंपनी तोट्यात गेली का?

नाही, अजिबात नाही. २०२३-२४ मध्ये कंपनीचा महसूल २,४०,८९३ कोटी आणि निव्वळ नफा ४५,९०८ कोटी होता, २०२४-२५ मध्ये महसूल २,५५,३२४ कोटी आणि नफा ४८,५५३ कोटी. म्हणजे दोन्ही वाढलेच. तरी सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला साडेचार हजारांच्या वर गेलेला शेअर ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन हजारांच्या आसपास होता, जवळजवळ एक तृतीयांश किंमत गेली.

मग पडलं काय तर त्या नफ्यासाठी बाजार जी किंमत मोजत होता ती पडली. साडेचार हजाराला शेअर होता तेव्हा लोक एका रुपयाच्या वार्षिक नफ्याला पस्तीसच्या आसपास रुपये देत होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन हजाराला बावीसच्या आसपास देत होते. हाच तो पीई. पस्तीसचा पीई लोक कधी देतात तर कंपनी भराभर वाढणार असं वाटतं तेव्हा. आता वाढ बघा, चलनाचा फरक काढून टाकला तर २०२१-२२ मध्ये १५.४ टक्के, २०२२-२३ मध्ये १३.७ टक्के, २०२३-२४ मध्ये ३.४ टक्के आणि २०२४-२५ मध्ये ४.२ टक्के. कोविडनंतर सगळ्या जगाला एकदम डिजिटल व्हायचं होतं तेव्हाचे पहिले दोन आकडे, आणि मग ब्रेक. माझ्या मते अख्खा वाद या चार आकड्यांत आहे. कंपनी टिकेल का असा प्रश्नच नाहीये, टिकेलच. प्रश्न असा आहे की ती परत आठ-दहा टक्क्यांनी वाढायला लागेल की तीन-चार टक्के हेच आता नेहमीचं झालं.

टीव्हीवर म्हणतात नफा वाढला आणि दुसऱ्या दिवशी शेअर पडतो, हे काय गणित आहे?

जून २०२५ च्या तिमाहीचंच उदाहरण घ्या. १० जुलैला निकाल आला, नफा १२,७६० कोटी म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा ६ टक्के जास्त, महसूल ६३,४३७ कोटी म्हणजे १.३ टक्के जास्त. हेडलाइन छान. पण कॉन्स्टंट करन्सीमध्ये महसूल ३.१ टक्क्यांनी घटला होता, आणि दुसऱ्या दिवशी शेअर तीन टक्क्यांहून जास्त पडला.

कॉन्स्टंट करन्सी म्हणजे काय तर कंपनीची कमाई डॉलर, पौंड, युरोत होते आणि हिशेब रुपयात लिहिला जातो, रुपया घसरला की तेवढंच काम करूनही रुपयातला आकडा फुगतो, म्हणून गेल्या वर्षीचेच विनिमय दर धरून बघायचं की काम खरंच वाढलं का. आयटी कंपनीचा निकाल वाचताना हा आकडा आधी शोधा, नफा नंतर बघा. नफ्यात इतर उत्पन्न असतं, व्याज असतं, टॅक्सचं वरखाली होणं असतं. धंदा वाढतोय का हे पहिल्या ओळीतच कळतं, म्हणजे महसुलाच्या ओळीत, तेही रुपया बाजूला ठेवून.

पण ती घट बीएसएनएलमुळे होती ना? मग काळजी कशाला?

हे अर्धं खरं आहे. २०२३ मध्ये टीसीएसच्या गटाला बीएसएनएलच्या ४जी जाळ्याचं सुमारे १५,००० कोटींचं काम मिळालं, त्यात यंत्रसामग्रीचा वाटा मोठा, त्यामुळे काम चालू असताना भारतातला महसूल जोरात फुगला आणि टॉवर उभे राहत गेले तसा उतरला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर त्या स्वदेशी ४जीचं देशभर उद्घाटनही झालं. म्हणजे घट येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि अशा कामात मार्जिनही (महसुलातला नफ्याचा वाटा) कमी असतं, त्यामुळे ते गेल्याने नफ्याला फार धक्का बसत नाही. शेअर धरून बसलेले लोक हेच सांगतात आणि त्यांचं चूक नाही.

पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐका. बीएसएनएल बाजूला काढलं तरी परदेशातला धंदा त्या तिमाहीत वाढला नव्हता, किंचित घटलाच होता. कंपनीचा निम्म्याच्या आसपास महसूल उत्तर अमेरिकेतून येतो, त्याखालोखाल ब्रिटन आणि युरोप, आणि एकूण धंद्याचा तिसरा हिस्सा बँका, विमा कंपन्या, वित्तसंस्था यांच्याकडून. तिथलं गिऱ्हाईक खर्च करायला तयार आहे का हा खरा प्रश्न. बीएसएनएलच्या मोठ्या आकड्यांमुळे वर्षभर तो झाकला गेला होता, म्हणून मी म्हणेन की ते काम आटोपलं हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने बरंच झालं, आता चित्र स्वच्छ दिसतं.

सप्टेंबर २०२५ तिमाहीचा नफा १२,०७५ कोटी धरायचा की १२,९०४ कोटी?

दोन्ही आकडे कंपनीनेच दिलेत. १२,०७५ कोटी हा प्रत्यक्ष नफा, आदल्या वर्षीपेक्षा १.४ टक्के जास्त. त्या तिमाहीत लोक कमी करण्यावर आणि त्यांना द्यायच्या भरपाईवर १,१३५ कोटी खर्च झाला, तो एकदाचाच आहे असं म्हणून (टॅक्सचा हिशेब धरून) बाजूला काढला की १२,९०४ कोटी, म्हणजे ८.४ टक्के वाढ. महसूल ६५,७९९ कोटी, मार्जिन २५.२ टक्के (हेही तो खर्च वगळून), आणि कॉन्स्टंट करन्सीत आधीच्या तिमाहीपेक्षा ०.८ टक्के वर पण आदल्या वर्षीपेक्षा ३.३ टक्के खालीच.

तुलना करायला दुसरा आकडा बरा, पण पैसा खिशातून गेला तो गेलाच. असा एकदाचा खर्च पुढच्या तिमाहीत परत आला, त्याच्या पुढच्या तिमाहीतही आला, तर तो एकदाचा राहत नाही आणि मग पहिलाच आकडा धरायचा.

एवढे लोक काढले, खर्च वाचला, मग शेअर वाढायला नको का?

जुलै २०२५ च्या शेवटी कंपनीने सांगितलं की वर्षभरात २ टक्के म्हणजे १२ हजारांच्या वर लोक कमी करणार, मुख्यतः मधल्या आणि वरच्या पातळीवरचे. जूनअखेर कर्मचारी होते ६,१३,०६९, सप्टेंबरअखेर ५,९३,३१४. एका तिमाहीत १९,७५५ ने कमी. यात स्वतःहून सोडून गेलेलेही आहेत, सगळेच काढलेले नाहीत, हे लक्षात ठेवा, नाहीतर ग्रुपवर आकड्याचं भलतंच होतं. त्याआधी जूनमध्ये बेंचचा, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून राहण्याचा, नियम कडक झाला होता, वर्षात किमान २२५ दिवस प्रोजेक्टवर आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना यावरून केंद्राच्या आणि राज्याच्या दारात गेली, संघटना म्हणते सक्तीने राजीनामे घेतले, कंपनी म्हणते आकडे फुगवून सांगितले जातायत.

शेअरच्या चर्चेत हे फक्त कॉस्ट कटिंग म्हणून बोललं जातं ते मला पटत नाही. पंधरा-वीस वर्षं एकाच कंपनीत काढलेली, घराचे हप्ते चालू असलेली, पंचेचाळिशीतली माणसं आहेत ही, पुण्या-ठाण्यात प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी निघेल. आणि केवळ गुंतवणूकदार म्हणून बघितलं तरी प्रश्न उरतोच. मागणी जोरात असती तर हीच माणसं नवीन कामावर लागली असती. कंपनीने कारण दिलं की त्यांच्या कौशल्यांना साजेशी जागा नाही, एआयमुळे काम कमी झालं म्हणून नाही. ते मान्य केलं तरी मार्जिन राखायला माणसं कमी करणं आणि काम वाढून मार्जिन वाढणं यात फरक आहे, पहिलं तुम्ही एकदा किंवा दोनदा करू शकता, दरवर्षी नाही. बाजाराला हे कळतं म्हणून शेअर उड्या मारत नाही.

एआय आयटी कंपन्या संपवेल का? खरं सांगा.

यावर जो कोणी छातीठोक हो किंवा नाही म्हणतो त्याच्याकडून शेअरची टिप घेऊ नका. पण वाद काय आहे ते नीट मांडता येतं.

भारतीय आयटीचा धंदा वर्षानुवर्षं माणसांच्या पिरॅमिडवर उभा आहे, खाली खूप फ्रेशर, वर थोडे मॅनेजर, जेवढी माणसं जास्त तेवढं बिलिंग जास्त. कोडिंग, टेस्टिंग, सपोर्ट, बॅक ऑफिस ही कामं एआय टूल वापरून कमी माणसांत व्हायला लागली तर गिऱ्हाईक विचारणारच की दहाचं काम सात जण करतायत तर मी दहाचे पैसे का देऊ. आणि ते विचारतायतच, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना तेच काम कमी दरात मागितलं जातं. विरोधकांचा मुद्दा एवढाच आहे आणि तो मजबूत आहे. महसूल एकदम कोसळणार नाही, पण प्रत्येक रिन्युअलला थोडा झिजत जाईल, आणि नवीन काम ती झीज भरण्यातच जाईल.

बाजूने बोलणारे म्हणतात की मोठ्या बँकेच्या आत तीस-चाळीस वर्षं जुन्या सिस्टीम असतात, मेनफ्रेम, कोबॉल, मध्येच कोणीतरी लावलेले जोड, एआय त्या जंजाळात आपोआप बसत नाही, कोणीतरी डेटा साफ करावा लागतो, सुरक्षा बघावी लागते, नियामकाला उत्तर द्यावं लागतं. ते काम करायला ज्याला ती सिस्टीम आतून माहीत आहे तोच लागणार. शिवाय जुनं सॉफ्टवेअर नव्यात आणणं पूर्वी इतकं महाग होतं की बँका टाळायच्या, आता स्वस्त झालं तर करतील, म्हणजे नवीन कामच निघेल. वायटूके (सन २००० ची तारीख जुन्या कॉम्प्युटरांना कळणार नाही ही अडचण) आलं तेव्हा हेच झालं, क्लाउड आलं तेव्हाही लोक म्हणाले होते आयटी संपलं.

इथे मी थोडा थांबतो. वायटूके किंवा क्लाउड या लाटांमध्ये काम करायला जास्त माणसं लागत होती, आणि माणसं पुरवणं हीच आपल्या कंपन्यांची ताकद होती. ही पहिली लाट अशी आहे की जिचा मुद्दाच माणसं कमी लागावीत हा आहे. म्हणून मागच्या वेळी वाचलो तर याही वेळी वाचू हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. टीसीएसकडे पैसा आहे, गिऱ्हाइकं आहेत, टाटांचं नाव आहे, बदलायला वेळही आहे. पण बिलिंगची पद्धत माणूस-तासावरून निकालावर न्यावी लागेल, आणि ते करताना मधली काही वर्षं आकडे असेच मलूल दिसू शकतात. ज्याला ती वर्षं धरवत नाहीत त्याने शेअर घेताना दोनदा विचार करावा.

मग एवढ्या डील मिळतात म्हणतात, ३९ अब्ज डॉलर वगैरे, ते कुठे जातात?

२०२४-२५ मध्ये एकूण डीलचं मूल्य ३९.४ अब्ज डॉलर होतं आणि वर्षाचा महसूल ३० अब्ज डॉलरच्या थोडा वर. वरवर पाहता पुढच्या वर्षी धो धो वाढ दिसायला हवी. पण या आकड्यात जुनी कामं परत मिळालेलीही धरलेली असतात, काही डील पाच-सात वर्षांवर पसरलेली असतात, आणि एकीकडे नवीन काम येतं तेव्हा दुसरीकडे जुनं आटत असतं, ते आटणं कुठल्याच हेडलाइनमध्ये छापत नाहीत. मोठमोठ्या कंपन्या भारतातच स्वतःची केंद्रं काढतायत तेही आहे, ज्यांना जीसीसी म्हणतात, अशी १,७०० हून जास्त केंद्रं देशात आहेत आणि पुण्यात खूप. पूर्वी जे काम टीसीएसला जायचं त्यातलं काही आता खराडीत किंवा बाणेरला त्या कंपनीच्याच ऑफिसात होतं.

डेटा सेंटरचं काय? चांगलं की वाईट?

ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की भारतात १ गिगावॉटपर्यंतचं एआय डेटा सेंटर उभं करणार, पाच ते सात वर्षांत साडेसहा अब्ज डॉलरच्या आसपास खर्च, त्यात भागीदारांचं भांडवल आणि कर्जही असणार.

जुन्या शेअरहोल्डरांना हे का खुपतं ते समजून घ्या. टीसीएसची खासियत म्हणजे धंद्याला भांडवल जवळजवळ लागत नाही, कॉम्प्युटर, ऑफिस, माणसं, बस. त्यामुळे भागभांडवलावरचा परतावा ५० टक्क्यांच्या वर आणि कमावलेला बहुतेक पैसा डिव्हिडंडमधून परत. डेटा सेंटर म्हणजे जमीन, वीज, कूलिंग, आधी पैसे घाला आणि मग वर्षानुवर्षं भाडं घ्या. परतावा त्यात कमीच असतो. कंपनीचं म्हणणं असं की एआयच्या धंद्यात नुसतं सेवा देणारं राहून चालणार नाही. मला वाटतं खर्चाचा आकडा कंपनीच्या मानाने झेपणारा आहे, एका वर्षाच्या नफ्याच्या आसपासच आहे आणि तोही पाच-सात वर्षांत विभागलेला. पण कंपनीने इतकी वर्षं जो धंदा केला नाही तो आता करावासा वाटतोय, यावरून जुन्या धंद्यातल्या वाढीबद्दल त्यांचं स्वतःचं मत काय असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ट्रम्प आणि एच-वन-बी?

एच-वन-बी म्हणजे अमेरिकेत जाऊन काम करायचा व्हिसा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या नवीन अर्जावर १ लाख डॉलर फी आली आणि सगळे आयटी शेअर आपटले. पण फी नवीन अर्जांवर आहे, आणि कंपनीने मागच्या काही वर्षांत अमेरिकेत तिथलेच लोक भरलेत, सहा लाखांच्या कंपनीत दरवर्षीचे व्हिसा काही हजार. बातमी मोठी, नफ्यावर परिणाम मर्यादित. अमेरिकेबाहेर काम देणाऱ्या कंपन्यांवर २५ टक्के कर लावायचा प्रस्तावही सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटमध्ये मांडला गेला, तो कायदा झाला तर मात्र गोष्ट फार वेगळी होईल.

डिव्हिडंडसाठी धरून ठेवावा का?

कंपनी पैसा दाबून ठेवत नाही हे तिचं फार मोठं गुणवैशिष्ट्य आहे आणि त्याची कदर केली पाहिजे. २०२४-२५ साठी शेअरमागे १२६ रुपये दिले, त्या वर्षाचा शेअरमागचा नफा १३४ रुपये, म्हणजे जवळजवळ सगळाच नफा वाटला. पण १२६ मधले ६६ रुपये स्पेशल, म्हणजे नेहमीच्या डिव्हिडंडवर जादा दिलेले, होते. २०२३-२४ मध्ये एकूण ७३ रुपये, त्यात स्पेशल १८. २०२२-२३ मध्ये ११५, त्यात स्पेशल ६७. म्हणून तीन हजारावर ४ टक्के यील्ड (शेअरच्या भावाच्या मानाने डिव्हिडंड) असं कोणी सांगितलं तर विचारा की स्पेशल धरून का, नेहमीचं धरलं तर २ टक्केच होतं. कंपनीत टाटा सन्सचा वाटा जवळपास ७२ टक्के आहे, गटाच्या नवीन धंद्यांना तिथून पैसा लागतो, त्यामुळे डिव्हिडंड एकदम आटेल असं वाटत नाही, मात्र स्पेशल किती आणि कधी हे कोणी सांगू शकत नाही. आणि डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर हातात येणारा आकडा वेगळा असतो. निवृत्त आईबाबांच्या नावावर असतील तर गणित बदलतं.

बायबॅक परत येईल का?

बायबॅक म्हणजे कंपनी स्वतःचेच शेअर शेअरहोल्डरांकडून परत विकत घेते. २०१७, २०१८, २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये आले. शेवटचे दोन ४,५०० ला १८,००० कोटींचं आणि ४,१५० ला १७,००० कोटींचं. छोट्या शेअरहोल्डरांना, म्हणजे दोन लाखांपर्यंतची होल्डिंग असलेल्यांना, १५ टक्के कोटा असतो, त्यामुळे अनेकजण फक्त त्यासाठी शेअर घ्यायचे. १ ऑक्टोबर २०२४ ला नियम बदलला आणि बायबॅकची पूर्ण रक्कम डिव्हिडंड धरून शेअरहोल्डरवर टॅक्स आला, म्हणून तेव्हा ती जुनी गंमत गेली. बायबॅकच्या आशेवर शेअर घेऊ नका, आला तर त्या दिवशीचा टॅक्सचा नियम बघून ठरवा.

खूप पडलाय, ॲव्हरेज करू का?

ॲव्हरेज करणं म्हणजे पडलेल्या भावाला आणखी घेऊन सरासरी खरेदी किंमत खाली आणणं. पण पडलाय हे कारण पुरेसं नाही. जानेवारी २०२२ मध्ये हाच शेअर चार हजारांच्या वर होता. तिथे घेतला असेल तर ऑक्टोबर २०२५ पर्यंत साडेतीनशे रुपयांच्या आसपास डिव्हिडंड हातात आला आणि तरीही हिशेब तोट्यातच. या काळात कंपनीचा नफा ३८,३२७ कोटींवरून ४८,५५३ कोटींवर गेला. कंपनी चांगली चालली आणि घेणाऱ्याचं नुकसान झालं, दोन्ही एकाच वेळी खरं, कारण घेताना किंमत फार मोजली गेली. तेव्हा आधी स्वतःला विचारा की ऑक्टोबर २०२५ मधल्या बावीसच्या पीईला किती वाढ गृहीत धरताय. चार टक्के वाढ आणि नियमित डिव्हिडंड एवढ्यावर समाधान असेल तर ही किंमत वाईट नाही. परत ४,५०० दोन वर्षांत बघायचा असेल तर वाढ परत यावी लागेल, आणि ती येण्याची खूण सप्टेंबर २०२५ पर्यंतच्या आकड्यांत ठळक दिसत नाही.

ब्रोकरेजची टार्गेटं बघून ठरवू नका, निकालानंतर दोन दिवसांत तीच माणसं टार्गेट वरखाली करतात.

टीसीएस की इन्फोसिस?

दोघांचं गिऱ्हाईक, देश, अडचणी जवळजवळ सारख्याच. इन्फोसिस वर्षाच्या वाढीचा अंदाज आधी जाहीर करते, टीसीएस करत नाही, त्यामुळे टीसीएसच्या निकालात धक्के जास्त बसतात. मार्जिन टीसीएसचं जास्त. जोखीम वाटायची म्हणून दोन्ही घेत असाल तर जोखीम फारशी वाटली जात नाही.

मी स्वतः आयटीत आहे, बायकोही आयटीत आहे, टीसीएसचे शेअरही आहेत. ठेवू?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच प्रश्नाची, आणि पुण्यातून तर तो सतत येतो. पगार आयटीचा, घर हिंजवडी-वाकडकडे घेतलेलं म्हणजे त्याची किंमतही आयटीच्या नोकऱ्यांवर, इंडेक्स फंडात आयटी आहेच, आणि वर टीसीएस-इन्फोसिसचे शेअर. सगळी अंडी एका टोपलीत. अमेरिकेत मंदी आली तर नोकरीवर टांगती तलवार, घराला गिऱ्हाईक नाही आणि शेअर खाली, हे तिन्ही एकाच महिन्यात होतं, आणि नेमकी तेव्हाच शेअर विकायची वेळ येते.

अशा घराने टीसीएस स्वस्त आहे की महाग हा वाद घालण्यात वेळ घालवू नये. आधी वर्षभराच्या हप्त्यांइतका पैसा एफडीत किंवा लिक्विड फंडात ठेवा, मग बाकीच्यात आयटीचा वाटा किती आहे ते फंडांसकट मोजा. तो जास्त निघाला तर कंपनी कितीही चांगली असो, थोडे कमी करा. हे टीसीएसच्या विरोधात मत नाही. शेतकरी, डॉक्टर, शिक्षक यांच्या घरात तेवढेच शेअर असतील तर मी काहीच म्हणणार नाही.

पुढच्या निकालात काय बघू?

निकाल साधारण जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपास असतो, मोठ्या आयटी कंपन्यांत बहुतेक वेळा टीसीएसच पहिली. कंपनीच्या साइटवर फॅक्टशीट टाकतात, दहा मिनिटांत वाचून होतं. परदेशातला महसूल आधीच्या तिमाहीपेक्षा कॉन्स्टंट करन्सीत वाढला का ते आधी बघा, सलग दोन-तीन तिमाही दीड टक्क्याच्या आसपास वाढ दिसली तर बाजाराचं मत बदलायला लागेल. मग बँका-विमा हा विभाग आणि उत्तर अमेरिका. मग कर्मचारीसंख्या, कारण माणसं कमी होऊनही महसूल वाढला तर एआयच्या वादात कंपनीची बाजू खरी ठरतेय असं म्हणता येईल. पगारवाढ कधी दिली तेही बघा, ती पुढे ढकलून राखलेलं मार्जिन पुढच्या तिमाहीत उतरतं.

२००४ च्या आयपीओतले शेअर बाबांच्या नावावर आहेत, विकले तर टॅक्स किती?

आयपीओ ८५० रुपयांना होता. त्यानंतर २००६, २००९ आणि २०१८ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे तेव्हाच्या एकाचे आज आठ. तीन हजाराच्या भावाने आठांचे चोवीस हजार, डिव्हिडंड वेगळा. इतकी वर्षं शांतपणे धरून ठेवणाऱ्यांचं खरोखर कौतुक आहे.

टॅक्समध्ये इथे बरेचजण गोंधळतात. ३१ जानेवारी २०१८ च्या आधीपासून असलेल्या शेअरना त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. पण २०१८ चा बोनस जूनमध्ये आला, म्हणजे त्या तारखेनंतर, त्यामुळे त्या शेअरची खरेदी किंमत शून्य धरली जाते. आठांपैकी चार शेअरना ती सवलत आणि चारांवर जवळजवळ पूर्ण रकमेवर टॅक्स. डिमॅटमधून विकताना जुने शेअर आधी गेले असं धरतात, म्हणून पहिली अर्धी होल्डिंग विकताना टॅक्स कमी आणि उरलेली विकताना जास्त. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा माफ, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. त्यामुळे पैशाची घाई नसेल तर दरवर्षी थोडे थोडे विकलेले बरे पडतात. डिमॅटला नॉमिनी आहे का तेही बघून घ्या, आणि बँक खातं बदललं असेल तर डिव्हिडंड जमा होतोय ना तेही, कारण सात वर्षं सलग डिव्हिडंड कोणी घेतला नाही तर शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात आणि ते परत मिळवायला बरीच कागदपत्रं आणि बरेच महिने लागतात.